सात थांबे

ऑक्टोबरात तिनं परवाना परत केला.
डाव्या डोळ्यात पडदा आला होता.
काउंटरवरच्या पोरानं तिच्यादेखत कार्ड कातरलं
आणि विचारलं, "आणखी काही, बाई?"
आणखी काही नव्हतं.
एकतीस वर्षं शाळेची पिवळी बस,
सस्कॅचवानच्या त्या सपाट, न संपणाऱ्या माळावर.
उणे पस्तिसातही सव्वासहाला इंजिन तापलेलं.

नोव्हेंबर तसा बरा गेला. बीट किसून बरण्या भरल्या.
डिसेंबरात बरण्या मोजल्या.
जानेवारीत पुन्हा मोजल्या, तेवढ्याच निघाल्या.

मग ओदार्का ह्नातिउक, वय शहात्तर,
काम शोधायच्या कामाला लागली.
पगार नको होता, फक्त सकाळ हवी होती.
अन्नपेढीत म्हणाले, वीस किलोचं खोकं उचलाल?
दवाखान्यात म्हणाले, पेशंटला ने-आण करायला गाडी आहे ना?
चर्चच्या तळघरात पिरोही वळायला
अकरा बायका आधीच होत्या
आणि रुसवे बारा.

वाचनालयातल्या मारिसेलनं अर्ज पुढे सरकवला.
'अंगची कौशल्यं', आणि खाली चार रिकाम्या ओळी.
ओदार्कानं पेनाला टोपण घातलं.
"मला फक्त रस्ता येतो. बर्फात दिसत नाही तेव्हासुद्धा येतो.
पण आता त्याला कोण विचारतंय?"
मारिसेल म्हणाली, "घरी फोन आहे?"

आहे. भिंतीवरचा, तपकिरी,
वायर ताणली तर शेगडीपर्यंत पोचते.

सात नावं मिळाली, सातही एकटी राहणारी.
रोज सकाळी एकेक फोन:
उठलात का, गोळी घेतली का, घर गरम आहे ना.
यादी आद्याक्षरांप्रमाणे होती.
पहिल्याच दिवशी तिनं ती पालथी घातली
आणि मागे रस्त्याच्या क्रमानं उतरवून काढली.
आधी धान्यकोठारापलीकडची ऑगस्टिना,
मग फाटकाजवळचे दोघे, ज्यांचं एकमेकांशी पटत नाही,
असं करत करत शेवटी
खडीच्या रस्त्यानं चार मैल आत, लिओपोल्ड वीब.

तिकडे घंटी वाजत असते तेव्हा
ती त्यांच्या अंगणाशी उभी असते,
इंजिन चालू, दार उघडं,
आत कुणीतरी दुसरा बूट शोधतंय.
तिनं जन्मात कुणाच्या दारात हॉर्न वाजवला नाही.
तीस मोजायची. मूल यायचंच.

वीब फोन उचलून म्हणायचा, "जिवंत आहे,"
आणि ठेवून द्यायचा.
एखाद्या दिवशी "अजून" जोडायचा,
त्याच्या हिशेबी त्या गप्पा झाल्या.

फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी त्यानं उचलला नाही.
तीस झाले.
साठ.
ठेवला तर शेजारच्या डॅरेलला पाठवता येईल.
ठेवला तर घंटी थांबेल,
आणि तो कदाचित आत्ताच, जिन्यावर, भिंत धरून...
तिनं ठेवला नाही.
शंभरला आईच्या भाषेतली एक शिवी आठवली,
दीडशेला एक प्रार्थना.
मागे लापशी लागली, तिचा वास बैठकीपर्यंत गेला.
वायर पुरत नव्हती, की पाय उचलत नव्हता,
ते तिनं नंतरही स्वतःला विचारलं नाही.

"जिवंत आहे."

"कुठं होतात तुम्ही?"
"इथंच. फोनच्या बाजूला."
खरखर. त्याचा श्वास, की वारा.
"किती वेळ थांबतेस, ते मोजत होतो."

तिला बोलायचं पुष्कळ होतं.
पातेलं जळलं होतं. हात थरथरत होते, रागानं धरून.
"किती झाले मग?"
"दोनशेदहा."

"दोनशेबारा," ती म्हणाली.
"आणि ऐक, उद्या
तुझ्या दारात मी हॉर्न वाजवीन."