पाच जानेवारीची दिवेलागण

भूकंपानंतर हा लोखंडी डबा मिळाला तेव्हा
आईला सांगितलं होतं, दोनच वर्षं.
मी तेव्हा सहा वर्षांची.
आज माझी शोगिक सहा वर्षांची आहे,
डब्याच्या खिडकीला पडदा आहे, दाराला नंबर आहे
आणि कोपऱ्यात गंजाचं एक राज्य आहे,
दर हिवाळ्यात वीतभर पुढे सरकणारं.

वाहान रोस्तोवला गेला, विटा रचायला.
सप्टेंबरपासून फोन नाही.
मी सांगते, तिकडे रेंज नसते.
लोक मान हलवतात. लोक फार भले आहेत.

आमचा नाताळ उरलेल्या जगाच्या मागून येतो.
ग्युम्रीत सगळंच उशिरा येतं:
पगार, बस, घरं.
काळ्या दगडाच्या चर्चमध्ये
संध्याकाळी दिवे लागतात,
आणि प्रत्येकानं आपापली ज्योत
न विझवता घरी न्यायची असते.

मी काही मागितलं नाही.
मागायची सवय सुटली होती,
एखाद्या नातलगाकडे जायची सुटते तशी.
नुसती मेणबत्ती पेटवली, ओंजळ धरली, निघाले.

पुलावर वारा होता.
एकदाच आला, आणि पुरला.

घरी आले. शोगिक दारातच.
भात शिजला होता, मनुका वरून घालायच्या राहिल्या होत्या,
शेजारणीनं दिलेला मासा ताटलीत डोळा उघडा ठेवून.
मी पाठ फिरवली, काडी ओढली.
"आणली?" तिनं विचारलं.
"आणली."
ती ज्योतीकडे बघत राहिली.
मग म्हणाली,
"आई, काडीचा वास येतोय."

काय सांगू?
की देवाला आगपेटी चालते?
चालतही असेल.
पण मला त्या क्षणी चालेना.
बारा वर्षांत पहिल्यांदाच
काहीतरी मला चालेना.

बूट अजून ओलेच होते. घातले.

तेर मेस्रोप दाराला कुलूप लावत होते.
त्यांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही.
कुलूप काढलं, आत गेले,
आणि एक बरणी घेऊन आले, जर्दाळूच्या मुरंब्याची, रिकामी,
तळाशी वाळलेला गोडवा तसाच.
त्यात मेणबत्ती उभी केली.
त्यांची बोटं थंडीनं फुटलेली होती.
"बायकोनं धुतली नाही नीट," एवढंच म्हणाले.

पूल. वारा.
काचेआड ज्योत वाकली, चाचरली,
काच तापली तसा
बर्फात जुलैचा वास सुटला.
मी चालता चालता रडले. थांबले नाही.
थांबले असते तर गोठले असते.

डब्यांच्या रांगेत हराच उभा,
घड्याळं दुरुस्त करणारा, दोन मुलगे त्या सकाळी शाळेत गेलेला,
त्यानंतर चर्चची पायरी न चढलेला.
"विस्तव आहे का?"
मी बरणी पुढे केली.
त्यानं वाकून सिगारेट पेटवली,
आणि वाकलेलाच राहिला,
एका झुरक्याला लागतो त्याहून खूप जास्त वेळ.
मग खरखरीत आवाजात, जमिनीकडे बघत:
"ख्रिस्त जन्मला."
मी उत्तर दिलं, जसं द्यायचं असतं,
"आणि प्रगटला."
त्यानं धूर सोडला. मी घरी आले.

शोगिक झोपली होती, एक मोजा घातलेला, एक नाही.
काडीनं पेटवलेली मेणबत्ती संपत आली होती.
तीही मी विझवली नाही.
बरणी तिच्या शेजारी ठेवली.

सकाळी वाहानचा फोन आला नाही.
ऊब लागून छताचं बर्फ वितळलं
आणि पलंगावर थेंब थेंब गळू लागलं.
पातेलं खाली ठेवलं.
शोगिक उठली, बरणीत बोट घातलं,
काजळी आणि मुरंबा एकत्रच चाटला,
तोंड वाकडं केलं,
आणि पुन्हा बोट घातलं.