साडेबारा इंच

धानोरीच्या दुकानात भिंतीवर भारताचा नकाशा आहे.
शाळेने गणवेशाच्या बिलात सूट मागितली,
मुख्याध्यापकांनी बदल्यात हा दिला. जुना. आसामपाशी फाटका.
त्यावर मी टेप लावली,
पुण्याच्या टिंबापासून कोलकात्याच्या टिंबापर्यंत:
साडेबारा इंच.
दुसरीतल्या पोराच्या हाफपँटची उंची.

हेमांगी म्हणते, बाबा, हवेतून पंधराशे ऐंशी किलोमीटर,
अडीच तास, फार तर पाच-दहा मिनिटं वर.
तुम्ही बसने सासवडला जाऊन येईपर्यंत
मी इथून तिथे.
बरोबर आहे. तिचं गणित लहानपणापासून चांगलं.

पण ती रिक्षा धरत नाही हिशेबात,
रांग धरत नाही, पट्टा काढून ट्रेमध्ये ठेवणं धरत नाही.
लोहगावची धावपट्टी आधी हवाई दलाची, मग आपली.
लढाऊ विमानं सरावाला निघाली
की प्रवाशांचं विमान दौंडवर फिरत राहतं,
काज करायला बसवलेल्या नवशिक्या पोरासारखं
एकाच भोकाभोवती.

इथे माझा टाचण्यांचा डबा थरथरतो.
आवाजावरून सांगतो मी: हे दिल्लीचं. हे नागपूरचं.
सव्वानऊचं कोलकात्याचं, ते वळताना जरा खोकतं.
गिऱ्हाईक हसतं. हसू दे.

घड्याळ दोघांचं एकच,
तरी तिच्याकडे दिवा तासभर आधी लागतो.
फोनवर ती म्हणते, अंधार पडला,
आणि माझ्या शटरवर अजून पिवळं ऊन असतं.
हा तास कुठल्या तिकिटात धरायचा?

तिची आई गेली त्या दिवशी
सकाळी सहाला फोन केला मी.
पहिलं विमान भरलेलं, दुसरं हैदराबादवरून,
तिथे साडेतीन तास खुर्चीत.
ती दारात आली तेव्हा रात्रीचे आठ वाजले होते,
आणि आम्ही थांबलो नव्हतो.
ऊन होतं. माणसं म्हणाली, किती वेळ ठेवायचं.
मी मान हलवली. माझीच मान.

ती काही बोलली नाही.
मशीनच्या खणातून आईचा चष्मा घेतला
आणि चौदाव्या दिवशी परत गेली,
अडीच तासांत, अगदी वेळेवर.

शिवणीच्या आत आम्ही बोटभर कापड जादा सोडतो.
त्याला माया म्हणतात.
उद्या अंग भरलं, पोर वाढलं,
तर उसवून ढिलं करता यावं म्हणून.
वडील म्हणायचे, खडू मापावर ओढ,
कात्री मायेवर चालव.
ही अंतरं ज्याने कुणी बेतली
त्याने खडूच्या रेषेवरच कापलीत.

शनिवारी येणार आहेत. नातीचा फ्रॉक शिवतोय.
ती मला दादू म्हणते, आजोबा तिला लांब पडतं.
माप अरिंदमने सांगितलं, त्याच्या गोल गोल हिंदीत:
छाती बावीस, उंची वीस.
मी दोन्ही बाजूंना दीड-दीड इंच सोडलंय, खाली चार.
हेमांगी ओरडेल, बाबा, फ्रॉक आहे की गोणी?

डबा वाजला आत्ता.
ते नव्हेत. आज गुरुवार.
हे चेन्नईचं.