घोडा

बर्मिंगहॅम. संग्रहालयाचं तळघर, मंगळवार.
हातात निळे रबरी मोजे,
समोर फोमच्या खाचेत अडीच इंची नळीचं
एक ठेंगणं रिव्हॉल्वर.
मला लिहायचंय: काय, कुणाचं, कधीचं.

काय, ते सोपं.
सहा घरांचं फिरतं चक्र, अक्रोडाची मूठ,
मुठीखाली कडी, दोरी ओवायला.
उजव्या अंगाला एक इवलं दार.
ते उघडायचं, काडतूस आत सारायचं,
एक घर पुढे, पुन्हा काडतूस.
रिकामी टरफलं काढायचीही तशीच, सळईनं ढोसून,
दाढेत अडकलेलं काही काढावं तशी.
घाईतल्या माणसासाठी हे केलेलंच नाही.
टोकावरची माशी जेमतेम,
डगल्यात अडकू नये म्हणून घासलेली.
ज्याचं वैर गल्लीच्या रुंदीएवढं
त्याला नेम कशाला हवा?

आणि चाप, आणि घोडा.
लेबलावर इंग्रजी नावं लिहीन.
मनात मात्र चाप म्हणजे जो बसवतात तो,
आणि घोडा म्हणजे घोडाच,
मान मागे ओढून धरलेला.

घडलं ते इथेच, दोन गल्ल्या पलीकडे.
नळी एकानं कोरली, चक्र दुसऱ्यानं कातलं,
मुठीवरच्या बारीक चौकटी रूबेन हॅस्लकनं पाडल्या
खिडकीला चिकटून, दिव्याचा गॅस वाचवत.
अख्खं रिव्हॉल्वर त्यानं कधी हातात धरलं का, कोण जाणे.
मग जास्तीची दारू ठासून एकदा उडवलं.
फुटलं नाही,
म्हणून नळीवर मुकुटाचा शिक्का.

कुणाचं.
लंडनच्या कडेकडेच्या ठाण्यांत
अठराशे चौऱ्याऐंशीच्या सुमाराला
रात्रपाळीच्या शिपायाला हे मिळायचं, मागितलं तर.
आणि इन्स्पेक्टरनं म्हणावं लागायचं
की याचं डोकं ठिकाणावर आहे.
सोबत ठाण्याच्या वहीचं फाटकं पान:
जोसाया पेनफोल्ड, नॉरवुड.
रात्री दहा, घेतलं. सकाळी सहा, दिलं. काडतुसं सहा.
घेतलं. दिलं. सहा.
घेतलं. दिलं. सहा.
झाकली मूठ, डगल्याखाली, चामड्यात, बटण लावून.
कुठल्या शिपायाकडे आहे, कुणाकडे नाही,
चोराला ठाऊक नाही,
सव्वा लाख ते तेवढेच.

मग जानेवारीतली एक ओळ, अक्षर वाकडं:
दिलं. काडतुसं पाच.

पहाटेचे तीन. गोठलेली चढण.
मिचमहून बाजाराला निघालेली सलगमांची गाडी.
घोडं घसरलं. पुढचे दोन्ही पाय.
गाडीवान मॉसप टोपी काढून उभा,
आणि सलगमं उताराला लागलेली, एकामागं एक, अंधारात.
पेनफोल्डनं बटण सोडलं.
चाप जड असतो, कुणी सांगितलं नव्हतं किती.
बटाट्यांची पिशवी एका बोटावर पेलावी तसा.
म्हणून त्यानं आधी अंगठ्यानं
घोडा मागे घेतला.
हे माझं. कागदावर एवढंच:
कपाळाच्या मधोमध. एकच. मालकाच्या सांगण्यावरून.

मी तुझं काय घोडं मारलंय,
असं आमच्याकडे भांडणात सहज विचारतात.
इतक्या वर्षांत ज्याला तो प्रश्न विचारता येणार नाही
असा माणूस मला आज भेटला.

पुढच्या रात्री, पेनफोल्ड: मागितलं नाही.
त्याच्या पुढच्या रात्री: नाही.
पान तिथे फाटलंय.

लेबलाला चाळीस शब्दांची मुभा.
पोलीस सेवेतलं रिव्हॉल्वर, पोलाद, अक्रोड, स्थिती उत्तम.
घोडी कुठे बसेल त्यात?
वरची जिन्यावरची पावलं लांब गेल्यावर
मी उजवा मोजा काढते, नियम मोडून,
आणि अंगठा घोड्यावर टेकवते.
बारीक रेघा लागतात,
निसटू नये म्हणून कापलेल्या.
गार. ओळीनं.
आयाळ विंचरून ठेवावी तशा.