एसी बंद करून

सव्वासातला मी एसी बंद करते.
तीच आमची घंटा.

चटई सावंतवाडीहून आलेली, एका कोपऱ्यात इस्त्रीचा डाग.
तो डाग निषादचा. तिथं दुसरं कोणी बसलं
तर दिवसाची सुरुवात कोर्टात होते.
ऋजुता वही घेऊन, पाठ ताठ, हेडमास्तरीण.
आणि खालच्या मजल्यावरची जिन्सी,
जिची आई सकाळपाळीची नर्स:
चार वर्षांची, मराठी येत नाही,
पण ‘हजर’ सगळ्यांत मोठ्यांदा तीच म्हणते.

सोहारच्या शाळेचा फीचा कागद अजून फ्रिजवर आहे.
त्याच्या पाठकोऱ्या बाजूला आमचं वेळापत्रक.
पहिला तास: ऐकणे.

किती वेळ? कपाळावर पहिला घाम फुटेपर्यंत.
जूनमध्ये ही प्रार्थना फार लांबत नाही.

पाण्याचा टँकर मागे येतोय, पीं पीं.
साळुंक्या, बाल्कनीतल्या बशीवरून भांडणाऱ्या.
समोरच्या रिकाम्या प्लॉटात बकऱ्या, त्या झाडाखाली
ज्याला वॉचमन गाफ म्हणतो,
आणि परवा पुस्तकात पाहिलं तर ती शमी निघाली.
इतकी वर्षं दसऱ्याला आम्ही पुठ्ठ्याची पानं कापत होतो
आणि ही खिडकीत उभी.

ऋजुता लिहिते: टँकर. साळुंक्या. बकरी, एक.
निषाद म्हणतो, लिही, बाबा.
“बाबा कसे ऐकू येतील? ते कारखान्यात आहेत.”
“येतायत. लिफ्ट.”
अरे, लिफ्ट काय सगळ्यांचीच असते,
मी म्हणणार, तोवर कुलपात किल्ली.

रात्रपाळीचा निळा बॉयलरसूट, बूट दाराबाहेर,
केसांना तापल्या धातूचा वास.
काही न विचारता तो आमच्यात बसतो, भिंतीला टेकून.
ऋजुता वहीत बघून पुकारते:
“सामंत, विश्राम पुंडलिक!”
“हजर,” तो म्हणतो,
आणि त्याच शब्दाच्या शेवटच्या अक्षरावर झोपतो.

मी उठून एसी लावते.
आजचं ऐकणं संपलं, घाम यायच्या आधीच.
निषाद जरा सरकतो.
इस्त्रीच्या डागावर बाबांचे पाय येऊ देतो.

पुढचा तास गणिताचा.
तेराचा पाढा कुजबुजत म्हटला
तर कमी चुकतो, हे आज कळलं.
जिन्सी, जिला पाढे येत नाहीत,
प्रत्येक ओळीनंतर हळूच म्हणते,
हजर.