दोन टक्के

डिसेंबरात अ‍ॅबर्डीनला साडेतीनलाच अंधारतं.
टाकीतला सूर्य मी
रात्री अकरापर्यंत लांबवलाय,
पाळी संपवून आल्यावर
घरात कुणीतरी जागं असावं म्हणून.

पहिल्याच आठवड्यात चुकलो.
पांढरा शंभरावर.
प्रवाळ फटफटीत पडला,
तापातून उठलेल्या पोरासारखा.

मग दिवा वीतभर वर टांगला.
निळा साठ, पांढरा बारा,
दर सोमवारी दोन टक्के, बस्स.
घाई केली की उजेडही भाजतो.

शेजारची मॉराग विचारते,
खिडकीत रोज हे निळं काय?
समुद्र, म्हटलं.
अरे, तो तर रस्त्याच्या टोकाला आहे!

आहे खरा. करडा, गार, फुकटचा.

आज एका फांदीच्या टोकाला
कणीएवढं हिरवं दिसलं.
सोमवार असूनही
बटणाला हात लावला नाही.