कर्दळीचा वाफा

सकाळी साडेसहाला मी जाळी उघडते.
रात्रभराचं गाव तिथं अडकलेलं असतं:
भाताची शितं, केसांचे गुंतवळ, शाम्पूच्या पुड्या,
एकदा चांदीचं जोडवं.
ते पंचायतीत नेऊन दिलं
तर तीन बायका म्हणाल्या, माझंच.

महिन्याला साडेचार हजार, तेही थकून.
पाहुण्यांनी विचारलं तर सांगते, पंचायतीत आहे.

दंताळ्यानं घाण ओढली की पाणी पहिल्या टाकीत उतरतं
आणि बसतं.
गाळ तळाला, तेलाचा तवंग वर,
मधलं तेवढं सरकतं पुढं
खडीच्या वाफ्यात, कर्दळीच्या मुळांत.
पुण्याचे साहेब म्हणाले, मुळं घाण खातात.
मी उपटून पाहिलंय. खातबित नाहीत.
नुसती धरून ठेवतात,
तापलेलं पोर रात्रभर मांडीवर धरावं तशी.
ताप त्याचा तो उतरतो.

करंजवाडीत पाणवठे दोन होते,
स्मशानं अजून दोन आहेत.
गटार मात्र एकच निघालं, कारण उतार एकच.
वरच्या आळीचं आणि आमचं
चौथ्या चेंबरपाशी एक होतं.
त्या दिवशी नारळ फुटला नाही, भांडणही झालं नाही.
चेंबरला झाकण होतं.

शेवटच्या टाकीतलं पाणी कामठ्यांच्या अंजिरांना जातं.
पहिल्या साली त्यांनी सगळी फळं सासवडच्या बाजारात घातली,
घरात एकही नेलं नाही.
यंदा त्यांची पोरं झाडावरून उतरत नाहीत.

पाण्यावरून मला गाव कळतं.
पिवळं आलं की कुणाची तरी हळद.
आंबूस, पांढुरकं आलं की डेअरीचे कॅन धुतले.
आखाडात लाल तेलाची चकती तरंगते, दोन्ही आळ्यांची सारखीच.
एका सोमवारी फेसाचा हा ढीग:
झेंड्यांकडं वॉशिंग मशिन आलं,
त्यांच्या पेढ्याआधी मला ठाऊक.

हमिदाबी मुलाणीची नळी मात्र वेगळी.
घर ओढ्याकाठी एकटं, म्हणून तिचं पाणी
थेट माझ्या टाकीशी येतं.
रोज सातला, करंगळीएवढी धार, राखाडी.
अजून राखेनं भांडी घासणारी ती एकटीच.

मार्गशीर्षातल्या एका गुरुवारी नळी कोरडी राहिली.
म्हटलं, गेली असेल लेकीकडं, जेजुरीला.
शुक्रवारी नळीच्या तोंडाशी कोळ्यानं जाळं धरलेलं.
त्या जाळ्याकडं बघत
मी किती वेळ उभी होते, माहीत नाही.
मग हातातलं दंताळं तसंच घेऊन पळाले.

मोरीतच पडली होती. खुबा मोडलेला.
ओठांवर तांब्यातलं उरलंसुरलं पाणी लावून लावून
दोन रात्री काढलेल्या.
म्हणाली, तुला गं कुणी सांगितलं?
काय सांगणार?
तुझ्या खरकट्यानं, म्हटलं.
तशाही कळा सोसत ती हसली,
दंताळ्याकडं बघून म्हणाली, ते आधी बाहेर ठेव.

तीन महिने नळी कोरडीच.
कोळ्यानं दोनदा जाळं धरलं, मी दोनदा काढलं.
ते काही माझ्या कामात धरलेलं नाही.

आज सातला धार आली.
राखेची नव्हे, हिरव्या साबणाची,
लेकीच्या हातची, जरा जास्तच सांडलेली.
जोंधळ्याचे चार दाणे आले तिच्यासोबत.
मी जाळी परत बसवली.
वरच्या आळीचं पाणी यायची वेळ झाली होती.