बट्टी

उद्यमनगरात लेथ बंद केला,
चिंधीला हात पुसून फोन बघितला.
बातांगासहून धाकट्याच्या बायकोचा निरोप :
"मालिगायांग बाती, कुया."
कुया म्हणजे दादा, एवढं ठाऊक होतं.
उरलेलं फोननं इंग्रजीत करून दिलं :
हॅपी बर्थडे.
बेकरीतल्या केकवर असतं तसं,
कुणाचंही नाव खाली घाला.

धाकट्याशी दोन वर्षं बोलणं नाही,
बावड्याच्या दीड गुंठ्यावरून.

कस्तुरी खांद्यावरून वाचत होती.
"पप्पा, इंग्रजी चुकलंय की!
काकी बट्टी म्हणत्यात."
आणि दोन बोटं पुढं केली.

सांगणार होतो,
शब्द नुसते सारखे वाजतात, बाळ.

उत्तर लिहायला गेलो तर
काचेवर तेलाचे
दोन काळे ठसे.